एनआयएचे प्रमुख होतात तरी कसे? सदानंद दाते यांचा प्रवास, सोलापूरच्या कामटे साहेबांची ती रात्र आणि वर्दीच्या वाटेची माहिती

सोलापूर : सात रस्त्यावरच्या शासकीय विश्रामगृहात मंत्री आले की झेंडे, हार, कार्यकर्ते दिसतात. पण एखाद्या दिवशी साध्या पांढऱ्या गाडीतून दोन-चार माणसं उतरून गुपचूप आत गेली, की चौकात तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं सीबीआय, कुणी म्हणतं ईडी, कुणी एनआयए, तर कुणी आयबी. गावाकडं तर ही चारही नावं एका दमात घेतली जातात. प्रत्यक्षात या चारही यंत्रणांची कामं वेगळी, कायदे वेगळे आणि त्यांच्या प्रमुखपदापर्यंत जाणारी वाटही थोडी-थोडी वेगळी.

त्यातली देशांतर्गत सुरक्षेची थेट जबाबदारी असलेली यंत्रणा म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा, अर्थात एनआयए. तिच्या महासंचालकपदावर ३१ मार्च २०२४ पासून २०२५ संपेपर्यंत एक मराठी अधिकारी होता, सदानंद दाते. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात कसाबच्या टोळीशी समोरासमोर लढून जखमी झालेले हेच ते दाते. त्यांच्या नोकरीचा आलेख पाहिला की असा प्रमुख कसा घडतो हे बऱ्यापैकी कळतं. आणि या गोष्टीत सोलापूरही आहे.

आधी यंत्रणांचा घोळ मिटवू

आयबी म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो. ही सगळ्यात जुनी, इंग्रजांच्या काळात १८८७ मध्ये सुरू झालेली. हिचं काम माहिती काढणं. देशात कुठं काय शिजतंय हे सरकारच्या कानावर घालायचं. आयबीचा माणूस कुणाला अटक करत नाही, कोर्टात दोषारोपपत्रही दाखल करत नाही. परदेशातली माहिती काढणारी ‘रॉ’ ही १९६८ मध्ये आयबीतूनच वेगळी झाली.

सीबीआय भ्रष्टाचाराचे गुन्हे आणि सरकारने किंवा कोर्टाने सोपवलेली मोठी प्रकरणं तपासते. ईडी पैशाचा माग काढते. एटीएस, म्हणजे दहशतवादविरोधी पथक, हे आपल्या राज्याच्या पोलिसांचंच पथक आहे. महाराष्ट्रात ते २००४ मध्ये स्थापन झालं.

एनआयए सगळ्यात नवी. २६/११ नंतर महिनाभरातच संसदेने कायदा केला आणि ३१ डिसेंबर २००८ पासून तो लागू झाला. दहशतवाद, बेकायदा कारवाया, बनावट नोटा, विमान अपहरण असे ठराविक गुन्हे या कायद्याच्या परिशिष्टात दिलेत. असा गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदला गेला की ठाण्याने तो राज्य सरकारला कळवायचा, राज्याने केंद्राला. केंद्र १५ दिवसांत ठरवतं, की हा तपास एनआयएकडं द्यायचा का. राज्याने काही कळवलं नाही तरी केंद्र स्वतःहून तपास घेऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परदेशात भारतीयांविरुद्ध झालेल्या गुन्ह्यांचाही तपास ही यंत्रणा करू शकते.

राज्याला न विचारता तपास घेण्याच्या या अधिकारावरून वादही झालेत. जानेवारी २०२० मध्ये कोरेगाव भीमा प्रकरणाचा तपास पुणे पोलिसांकडून काढून एनआयएकडं दिला गेला, तेव्हा राज्य सरकारने उघड नाराजी व्यक्त केली होती. म्हणजे या खुर्चीवर बसणाऱ्याला गुन्हेगारांशी तर लढायचंच असतं, शिवाय राज्यांच्या पोलिसांशी जुळवूनही घ्यावं लागतं. नुसता कडक अधिकारी इथं पुरत नाही.

घरोघरी पेपर टाकणारा मुलगा

दाते यांचा जन्म १४ डिसेंबर १९६६ चा, पुण्यातला. घरची परिस्थिती बेताची. शिकत असताना त्यांनी घरोघरी वर्तमानपत्रं टाकली. शिक्षण वाणिज्य शाखेचं. पुढं ते कॉस्ट अकाउंटंट झाले आणि पुणे विद्यापीठातून पीएचडीही केली. पोलीस अधिकारी म्हटलं की आपल्याकडं पहिल्यांदा उंची आणि मिशा डोळ्यापुढं येतात. इथं हिशेबाची वही घेऊन बसणारा विद्यार्थी वर्दीत आला, आणि पुढं आर्थिक गुन्ह्यांच्या तपासात त्याचा हाच अभ्यास उपयोगी पडला.

१९९० मध्ये ते भारतीय पोलीस सेवेत आले आणि त्यांना महाराष्ट्र केडर मिळालं. जिल्ह्यांत काम झालं, मग सीबीआयमध्ये प्रतिनियुक्ती झाली. २००५-०६ मध्ये ‘हम्फ्री’ शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गेले. तिथं अभ्यासाचा विषय होता पांढरपेशी आणि संघटित गुन्हेगारी कशी आटोक्यात आणायची. परत आल्यावर मुंबई पोलीस दलात मध्य विभागाचे अपर पोलीस आयुक्त झाले. त्याच पदावर असताना २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली.

कामा रुग्णालय, आणि सोलापूरचे कामटे

सीएसटी स्थानकात माणसं मारून कसाब आणि अबू इस्माईल हे दोघे जवळच्या कामा रुग्णालयात घुसले. बायका आणि लहान मुलांचं ते सरकारी रुग्णालय. दाते मोजके सहकारी घेऊन तिथं पोहोचले. दहशतवादी वर गच्चीकडं गेल्याचं कळल्यावर तेही लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेले. वर खरंच कुणी आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी एक धातूची वस्तू गच्चीच्या दिशेने फेकली. लगेच वरून गोळीबार सुरू झाला.

एके-४७ आणि हातगोळे असलेल्या दोघांपुढं या तुकडीची हत्यारं तोकडी होती. हातगोळ्यांच्या स्फोटात आणि गोळीबारात उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर यांना वीरमरण आलं. दाते यांच्या अंगात हातगोळ्याचे तुकडे घुसले. जखमी सहकाऱ्यांना त्यांनी खाली पाठवलं आणि स्वतः जिन्यात थांबून मध्यरात्रीपर्यंत त्या दोघांना अडवून धरलं. वायरलेसवरून ते जादा कुमक मागत राहिले. या लढाईसाठी त्यांना पुढं राष्ट्रपतींचं पोलीस शौर्यपदक मिळालं.

दाते वर लढत असताना त्यांच्या मदतीसाठी तीन अधिकारी रुग्णालयाच्या मागच्या बाजूला पोहोचले. एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे, निरीक्षक विजय साळसकर आणि अपर पोलीस आयुक्त अशोक कामटे. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या त्या दोघांची आणि यांची गाठ रंगभवनच्या गल्लीत पडली. तिथं तिन्ही अधिकारी शहीद झाले. सोलापूरकरांना रंगभवन म्हटलं की आपला रंगभवन चौक आठवतो. मुंबईतली ती गल्ली वेगळी, पण तिथं पडलेला अधिकारी मात्र सोलापूरला चांगला माहितीतला.

कामटे १९८९ च्या तुकडीचे. मुंबईत पूर्व विभागाची जबाबदारी घेण्याआधी ते सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. त्यांचे आजोबा नारायणराव कामटे हे मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक. सोलापुरात कामटे साहेबांचा दरारा कसा होता, हे आजही जुनी माणसं सांगतात. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावरून २००७ मध्ये शेजारच्या कर्नाटकातल्या एका आमदारावर त्यांनी केलेली कारवाई तर राज्यभर गाजली. त्यावर टीकाही झाली, पण शहरात साहेबांच्या बाजूने बोलणारेच जास्त होते.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत हाती लागला. ओंबळे सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. कामटे, करकरे, साळसकर आणि ओंबळे या चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं.

जखम भरल्यावरची सोळा वर्षं

अशा रात्रीनंतर एखादा अधिकारी शांत पद मागून घेतो, आणि त्याला कुणी नावंही ठेवत नाही. दाते यांच्या पुढच्या नेमणुका मात्र वेगळंच सांगतात. २६/११ नंतर राज्याने कमांडोंचं ‘फोर्स वन’ हे पथक उभं केलं, त्याची धुरा त्यांनी सांभाळली. मुंबईत कायदा व सुव्यवस्था आणि आर्थिक गुन्हे अशा दोन्ही विभागांत ते सहपोलीस आयुक्त होते. सीआरपीएफमध्ये महानिरीक्षक म्हणून काम केलं. केंद्राच्या विधी व न्याय मंत्रालयात सहसचिव होते. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार हे नवं आयुक्तालय सुरू झालं, त्याचे पहिले आयुक्त तेच. २०२२ मध्ये राज्याच्या एटीएसचे प्रमुख झाले, म्हणजे ज्या खुर्चीवरून करकरे गेले त्याच खुर्चीवर आले. तिथून २०२४ मध्ये दिल्लीला, एनआयएच्या महासंचालकपदी.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. जिल्हा, महानगर, आर्थिक गुन्हे, निमलष्करी दल, कायदा मंत्रालय, कमांडो पथक, एटीएस. दहशतवादाच्या खटल्यात या सगळ्याची गरज पडते. पैसा कुठून आला हे हिशेब कळणाऱ्यालाच सापडतं. जबाब कसा नोंदवला तर कोर्टात टिकेल, हे कायदा पाहिलेल्यालाच समजतं.

एप्रिल २०२५ मध्ये एक वर्तुळ पुरं झालं म्हणावं असा प्रसंग आला. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेने भारताच्या ताब्यात दिलं. १० एप्रिलला तो दिल्लीत उतरला आणि एनआयएने त्याला अटक केली. कोर्टाने १८ दिवसांची कोठडी दिली. हा गुन्हा एनआयएने २००९ मध्येच नोंदवला होता, माणूस हाती लागायला सोळा वर्षं गेली. आणि तो हाती लागला तेव्हा यंत्रणेच्या प्रमुखपदावर कामा रुग्णालयाच्या जिन्यात जखमी झालेला अधिकारी होता. सिनेमात दाखवलं असतं तर लोकांनी ‘जरा जास्तच झालं’ म्हटलं असतं.

त्यानंतर बाराच दिवसांनी, २२ एप्रिलला, पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला. त्याचा तपासही एनआयएकडंच आला. मृतांमध्ये महाराष्ट्रातलेही पर्यटक होते.

यंत्रणेच्या वाट्याला सगळं यशच येतं असंही नाही. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाचा तपास आधी करकरे यांच्या एटीएसने केला, २०११ मध्ये तो एनआयएकडं गेला आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सातही आरोपींना निर्दोष सोडलं. सहा माणसं मेली होती. सतरा वर्षांनी त्यांच्या घरच्यांच्या हाती काय लागलं, हा प्रश्न राहतोच. अशा निकालानंतर टीकेचा पहिला धनी यंत्रणेचा प्रमुख असतो, मग तपास त्याच्या काळात झालेला असो वा नसो.

२०२६ च्या सुरुवातीला दाते केंद्रातून परत आले आणि महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक झाले. या पदावर त्यांच्या आधी रश्मी शुक्ला होत्या. राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक त्याच, आणि राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुखही राहिलेल्या. ‘पोरीच्या जातीला हे खातं जमायचं नाही’ म्हणणाऱ्यांना एवढं एक नाव सांगितलं तरी पुरे.

वर्दीतल्या अनुभवांवर दाते यांनी मराठीत पुस्तकही लिहिलंय, ‘वर्दीतल्या माणसाच्या नोंदी’. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी गाईडच्या ढिगाऱ्यात एक जागा याला द्यायला हरकत नाही.

सगळेच एका वाटेने येत नाहीत

करकरे मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, नागपुरात शिकलेले. काही काळ हिंदुस्थान लिव्हर कंपनीत नोकरी केली, मग १९८२ मध्ये आयपीएस. चंद्रपूरसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात काम केलं, ‘रॉ’साठी ऑस्ट्रियात सात वर्षं काढली आणि जानेवारी २००८ मध्ये एटीएसचे प्रमुख झाले.

दत्ता पडसलगीकर हेही १९८२ चेच. त्यांनी अनेक वर्षं आयबीत काढली, नंतर मुंबईचे पोलीस आयुक्त, मग राज्याचे पोलीस महासंचालक आणि निवृत्तीनंतर केंद्रात उप राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोवाल केरळ केडरचे, पण नोकरीतला मोठा काळ आयबीतच गेला. २००४-०५ मध्ये ते आयबीचे संचालक होते. आयबीची रीत अशी, की एकदा तिथं रमलेला अधिकारी बहुधा तिथंच वाढतो. नाव पेपरात येत नाही, गावात सत्कार होत नाही. एनआयएत मात्र बहुतेक जण राज्यांच्या पोलीस दलांतून ठराविक वर्षांसाठी येतात आणि परत जातात. पहिले महासंचालक राधा विनोद राजू हेही जम्मू-काश्मीर केडरमधून आलेले.

आणि सोलापूरचं एक नाव वेगळ्याच वाटेने या यंत्रणांच्या वर जाऊन बसलं. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या सत्र न्यायालयात शिपाई होते. शिकत शिकत १९६५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाले, सीआयडीत काम केलं, मग राजकारणात गेले. ३१ जुलै २०१२ रोजी ते केंद्रीय गृहमंत्री झाले. आयबी आणि एनआयए या दोन्ही यंत्रणा गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. कसाबला येरवड्यात फाशी झाली ती २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, त्यांच्याच कारकिर्दीत.

खुर्चीपर्यंतच्या पायऱ्या

एनआयएचा प्रमुख महासंचालक दर्जाचा आयपीएस अधिकारी असतो. नेमणूक पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती करते. या पदासाठी जाहिरात निघत नाही आणि अर्जही मागवत नाहीत.

सुरुवात यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेपासून. कुठल्याही शाखेची पदवी चालते. वय २१ ते ३२, ओबीसींना ३५ आणि एससी-एसटींना ३७ पर्यंत. खुल्या प्रवर्गाला सहा संधी, ओबीसींना नऊ, एससी-एसटींना वयोमर्यादेपर्यंत कितीही. पूर्वपरीक्षेचे पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतात. मुख्य परीक्षा मात्र मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. आयपीएससाठी उंचीची अट पुरुषांना १६५ आणि महिलांना १५० सेंटिमीटर. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना त्यात सवलत आहे.

निवड झाली की मसुरीला पायाभूत प्रशिक्षण आणि मग हैदराबादची राष्ट्रीय पोलीस अकादमी. पहिली नेमणूक सहायक पोलीस अधीक्षक म्हणून एखाद्या उपविभागात. नंतर जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक. साधारण १४ वर्षांनी उपमहानिरीक्षक, १८ वर्षांनी महानिरीक्षक, २५ वर्षांनी अपर महासंचालक आणि ३० वर्षांच्या आसपास महासंचालक. दाते १९९० मध्ये सेवेत आले आणि २०२४ मध्ये एनआयएचे प्रमुख झाले, म्हणजे चौतीस वर्षं लागली. पुण्या-मुंबईतले क्लासवाले ‘दोन वर्षांत साहेब व्हा’ म्हणतात, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

प्रमुखपद लांब राहिलं, तरी या यंत्रणांत काम करायला आयपीएसच व्हावं लागतं असं नाही, आणि हे गावात फारसं कुणी सांगत नाही. आयबीत सिक्युरिटी असिस्टंट पदासाठी दहावी पास चालतं, स्थानिक भाषा मात्र यायला हवी. आपल्याकडं मराठी येणारा, आणि अक्कलकोट-मंगळवेढ्याकडं तर कानडीही बोलणारा मुलगा इथं उपयोगाचा. आयबीच्याच एसीआयओ पदासाठी पदवी लागते. एनआयएत उपनिरीक्षक होण्यासाठी पदवीनंतर एसएससीची सीजीएल परीक्षा आहे. राज्य पोलिसांतले शिपाई, हवालदार, निरीक्षकही प्रतिनियुक्तीवर एनआयएत जातात.

एनआयएच्या नावाने फोन आला तर

या यंत्रणांच्या नावाचा सगळ्यात जास्त वापर सध्या भामटे करतात. व्हिडिओ कॉल येतो, समोर वर्दीतला माणूस, मागे झेंडा आणि चिन्ह. ‘तुमच्या आधारवर दहशतवाद्यांचे पैसे फिरलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका,’ असं सांगून पैसे मागितले जातात. निवृत्त शिक्षक, पेन्शनर, एकट्या राहणाऱ्या आजी यात जास्त अडकतात.

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकारच नाही. एनआयए असो वा सीबीआय, अटक प्रत्यक्ष येऊनच होते, घरच्यांना कळवावं लागतं आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावं लागतं. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर लेखी नोटीस येते. महिला, साठ वर्षांवरचे पुरुष, पंधरा वर्षांखालची मुलं, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्तींना त्यासाठी राहत्या ठिकाणाहून दुसरीकडं बोलावता येत नाही, त्यांचा जबाब घ्यायला पोलिसांनीच यायचं असतं. आयबीला तर अटकेचा अधिकारच नाही. आणि कुठलीही यंत्रणा ‘चौकशीसाठी’ खात्यात पैसे भरायला सांगत नाही.

असा फोन आला तर कट करायचा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचं. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढं सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. तिथं जाताना आलेल्या कॉलचा नंबर, स्क्रीनशॉट आणि बँकेचा मेसेज मोबाईलमधून पुसू नका.